भिंतीपलीकडचं लाऊतो

"चोर! भरदिवसा, भिंतीतून हात घालून चोरी!"

"हात नाही बार्बा, कान घातला. आणि ती भिंत अर्धी माझी आहे."

"माझी चाल तुझ्या घरात काय करतेय, ते सांग आधी!"

"मला काय विचारता? तिलाच विचारा! रोज सकाळी दार न वाजवता येते, हवं तेवढं बसते, मनाला येईल तेव्हा जाते. इतक्या वर्षांत मी एकदा तरी कुरकुर केली?"

"आणि आज त्या चालीच्या मागोमाग जो आवाज आला, तो कुणाचा? भूत वाजवत होतं?"

"भूत नाही. मी वाजवत होते."

म्हातारा फ्लोरिओस पार्लरच्या दारात उभा होता. हातात व्हायोलिनचा गज, एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी. पेत्राडोस गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं आणि मेरीमाता पानायियाची प्रत्येक जत्रा याच माणसाच्या गजावर नाचलेली. त्यामुळे अख्खं गाव त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणायचं आणि अख्खं गाव त्याचं ऐकूनही घ्यायचं. झांबेता सोडून. तिच्या हातात रंगाचा ब्रश होता आणि त्यातून तांबूस थेंब संगमरवरी फरशीवर टपाटप पडत होते.

खुर्चीत पोलिम्नियाबाई बसल्या होत्या, डोकं रंगानं थापलेलं. त्या खाली बंदरावरच्या संगीतशाळेत लहान मुलांना व्हायोलिन शिकवायच्या आणि महिन्यातून एकदा बसच्या वळणांवर जीव मुठीत धरून वर यायच्या. त्यांच्या मते नाक्सोस बेटावर पांढरे केस लपवावेत ते झांबेतानंच.

"झांबेता," त्या आरशातून हळूच म्हणाल्या, "माझ्या मानेवरून काहीतरी ओघळतंय."

"ओघळू द्या बाई. इथे माझं आयुष्य ओघळतंय."

झालं होतं ते एवढंच. फ्लोरिओस रोज सकाळी भिंतीपलीकडे सरावाला बसायचा, आणि भिंतीअलीकडे झांबेता अगदी हलक्या नखीनं लाऊतोवर, त्या लांब मानेच्या तंतुवाद्यावर, त्याच्या मागे मागे जायची. लाऊतोचं कामच ते, व्हायोलिन पुढे धावतं आणि लाऊतो त्याच्या पायाखाली जमीन घालत जातं. इतकी वर्षं हे चालू होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. पण आज पोलिम्नियाबाईंना रंग लावता लावता चाल अशी काही रंगली की झांबेतानं ब्रश ठेवून लाऊतो उचललं आणि तिचा हात सुटला. तिनं तारा अशा खणखणीत छेडल्या की शेल्फावरच्या बाटल्या किणकिणल्या. पलीकडे व्हायोलिन दचकून थांबलं. आणि लाऊतो बिचारं एकटंच पुढे गेलं, वरातीत पुढे निघून गेलेल्या घोड्यासारखं.

"कुणाकडे शिकलीस?" फ्लोरिओसनं गज रोखला.

"तुमच्याकडे."

"मी तुला कधी शिकवलं?"

"तुम्ही नाही शिकवलं. मी शिकले."

हे मात्र खरं होतं. झांबेता तरुणपणी पिरेअसला मोठ्या पार्लरात कामाला होती. आई अंथरुणाला खिळली तशी ती गावी परतली आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागात दोन खुर्च्या, तीन आरसे मांडून पार्लर काढलं. आईला कशानंच झोप लागायची नाही, फक्त सकाळी पलीकडून व्हायोलिन सुरू झालं की तिच्या कपाळावरची आठी मोडायची. एके दिवशी झांबेतानं मामाचं धूळ खात पडलेलं लाऊतो खाली काढलं आणि व्हायोलिनच्या मागे दोन तारा टिंग टिंग करून पाहिल्या. आई डोळे मिटूनच म्हणाली, "ती दुसरी चुकली गं." मग काय, आई पलंगावरून चुका काढायची आणि लेक दुरुस्त करायची. आई गेली. व्हायोलिन येत राहिलं, आणि झांबेताही मागे मागे जात राहिली. आता सगळं गाव तिला केस कापणारी म्हणून ओळखायचं, आणि ती एकटी स्वतःला लाऊतोवाली म्हणून ओळखायची. असलं गुपित पोटात ठेवून जगणं म्हणजे फेसाळलेल्या बाटलीवर अंगठा दाबून बसण्यासारखं. आज अंगठा सटकला.

"बार्बा," ती म्हणाली, आणि ब्रश पोलिम्नियाबाईंच्या हातात दिला, "तुमचा लाऊतोवाला निकिफोरोस गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला अथेन्सला गेला. जत्रेला तुमच्या शेजारी कोण बसणार?"

"खालून बंदरावरून कुणीतरी पोरगं पाठवतायत."

"जे समोर कागद मांडून वाजवतं ते?"

"तेच."

"ऑगस्टातल्या वाऱ्यात?"

ऑगस्टात या बेटावर वारा असा सुटतो की दोरीवरची चादर शेजारच्या गावात सापडते.

"माझी मुलं कागद वापरत नाहीत हं," पोलिम्नियाबाईंनी बसल्या जागेवरून बाजू मांडली. "एवढीएवढीशी पोरं, मोठमोठ्या शास्त्रीय चाली नुसत्या ऐकून ऐकून वाजवतात. आधी कान, मग कागद."

"ऐकलंत?" झांबेता म्हणाली. "आता शाळेतही माझ्यासारखंच शिकवतात. मला बसवा तुमच्या शेजारी. पंधरा तारखेला. लाऊतो घेऊन."

एवढंच मागायचं होतं तिला, आईच्या खोलीतल्या त्या सकाळींपासून. पैसा नको, मानपान नको, त्या माणसाच्या डाव्या हाताची खुर्ची हवी होती.

म्हाताऱ्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बाई असण्याचा प्रश्न नव्हता. त्याची स्वतःची आजी ढोल बडवायची आणि नवऱ्यालाही. प्रश्न निराळाच होता.

"माझ्या मागे येणं म्हणजे शेळीच्या मागे जाणं. दरीत पडशील."

"पाडून बघा."

तो गेला, व्हायोलिन घेऊन आला, दुसरी सपातही घालून आला. खुर्चीवर बसला आणि डोळे मिटून रांगेनं नाचायचा सिर्तो सुरू केला. झांबेतानं लाऊतो छातीशी धरलं. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. पोलिम्नियाबाईंचा पाय आपोआप ताल धरू लागला. फ्लोरिओसची भुवई वर चढली, मग दुसरी भुवई चढली. त्यानं मुद्दाम वेग वाढवला, तिनंही वाढवला. त्यानं एक सूर ओढून धरला, तीही उंबऱ्याशी थांबून राहिली आणि तो सुटताच त्याच्यासोबत आत शिरली. तिसऱ्या फेरीत चाल चढत चढत शिखरावर पोचली, आणि झांबेता थांबली.

ठप्प. तारेवर तळवा.

व्हायोलिन एकटंच पुढे धावलं, दोन ठोके हवेत गेले, मग झांबेतानं पुन्हा उडी घेतली. पण ती आता मागे पडली होती आणि सगळी चाल जिन्यावरून घरंगळणाऱ्या भांड्यांसारखी झाली.

"का थांबलीस?"

"का म्हणजे? तिथे थांबायचंच असतं."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही! तुम्ही थांबता तिथे!"

"मी?" म्हातारा उभाच राहिला. "मी आयुष्यात कधी थांबलो नाही! माझ्या भावाच्या लग्नात गच्ची खचली, अर्धे पाहुणे खालच्या मजल्यावर गेले, तरी मी थांबलो नाही. ते खालून नाचत होते!"

"पण रोज सकाळी थांबता. तिसरी फेरी, चढाव संपला की. एक श्वास. तेच तर सौंदर्य आहे त्या चालीचं."

"जत्रेत ऐकलास कधी तो श्वास?"

"जत्रेत लोकांना नाचायची घाई असते. मला वाटलं, खरी चाल घरची."

पुन्हा वाजवलं. पुन्हा झांबेता त्याच जागी थांबली. म्हातारा गजानं हवा कापू लागला. तेवढ्यात पोलिम्नियाबाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत एक चाल आहे. जिच्यावरून मुलं शिकतात, त्या रेकॉर्डमध्ये वाजवणाऱ्यानं एका जागी नाक ओढलंय. माझी झाडून सगळी मुलं त्या जागी नाक ओढतात."

फ्लोरिओसनं गज खाली घेतला.

"बार्बा," त्या म्हणाल्या, "सकाळी वाजवताना तुमच्या शेजारी काय असतं?"

मग ती वरात निघाली. पुढे फ्लोरिओस, मागे झांबेता, तिच्यामागे डोक्यावर रंग आणि खांद्यावर टॉवेल घेतलेल्या पोलिम्नियाबाई. फ्लोरिओसच्या घरात त्याची बायको रिनिओ घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. तिनं ही तिघं पाहिली आणि शेंग हातातच राहिली.

"रोजच्यासारखं बसा," पोलिम्नियाबाई म्हणाल्या. "रोजच्यासारखं वाजवा."

तो टेबलाशी बसला. रिनिओनं सवयीनं कॉफीचा पेला त्याच्या उजव्या अंगाला ठेवला. सिर्तो सुरू झाला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. शिखरावरच्या त्या सुराला गज टोकापर्यंत जायचा, हात लांब व्हायचा, आणि लांब झालेला हात नेमका पेल्यापाशी पोचायचा. गज दोन बोटांत लोंबला, अंगठा नि तर्जनीनं पेला उचलला, एक घोट, पेला खाली. गज तारेवर. चाल पुढे. म्हाताऱ्याचे डोळे अख्खा वेळ मिटलेले.

झांबेता आधी मटकन खाली बसली. मग तिला हसू फुटलं. मग पोलिम्नियाबाईंना फुटलं, त्यांचा रंग भुवयांपर्यंत आला. रिनिओनं तर शेंगांची परातच उलटी केली.

"काय झालं?" फ्लोरिओसनं डोळे उघडले. "बघितलंत? कुठे थांबलो?"

"लग्न झाल्यापासून तो पेला मी भरतेय," रिनिओ पदर... नव्हे, एप्रन डोळ्यांना लावत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे!"

म्हणजे झांबेता इतकी वर्षं चाल शिकली होती ती कॉफीच्या घोटासकट. भिंतीला कान असतात, डोळे नसतात.

फ्लोरिओसचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो दोनदा पेल्यात डोकावला, जणू आपली अब्रू तळाशी गाळात बसलीय. मग म्हणाला, "ठीक आहे. तो घोट कानातून काढून टाक. जत्रेपर्यंत काढलास तर बस माझ्या शेजारी. नाही निघाला तर कागदवाला पोरगा."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही घोट घेत राहिलात तर माझ्या कानातून कसा निघेल?"

म्हाताऱ्यानं पेला बायकोकडे सरकवला. त्या दिवसापासून फ्लोरिओसनं सरावाची कॉफी सोडली, आणि त्याच्या चिडचिडीपायी पेत्राडोसनं सुखाची झोप.

शिकवणी पार्लरमध्ये सुरू झाली, दुपारी गिऱ्हाइकं नसताना. फ्लोरिओसची शिकवण्याची रीत त्याच्या मामाकडून आलेली. मामानं त्याला लहानपणी भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. डोळ्यांनी शिकशील तर बोटं बघून वाजवशील, बोटं म्हातारी झाली की बघायचं काय? म्हणून झांबेताही त्याच्याकडे पाठ करून बसली. पण पार्लरात पाठ करून उपयोग काय! समोरच्या आरशात म्हातारा, बाजूच्या आरशात म्हातारा, हातआरशातही म्हाताऱ्याचं कोपर.

"बघतेस!"

"नाही बघत."

"आरशातून बघतेस. मलाही दिसतेस ना तू बघताना!"

त्यानं शेल्फावरचे टॉवेल उचलले आणि तिन्ही आरसे झाकून टाकले. मग दोघं अंधारल्यासारख्या त्या खोलीत पाठीला पाठ लावून बसली. चालीतल्या जागांना नावं नव्हती, म्हणून म्हातारा जिथे जे सुचेल ते ओरडायचा. "ही शेळीची उतरण! सांभाळ! आता पाद्र्याचा जिना! आता वाण्याची बायको वळते बघ! आता शिखर, आणि पुढे जा, पुढे, पुढे!"

ठप्प.

"पुन्हा थांबलीस!"

"हात थांबला बार्बा. मी नाही."

"हात कुणाचा?"

"तुमचाच म्हणायचा! तुमच्याकडून आलाय!"

तिसऱ्या दिवशी ती खरंच रडायला लागली. शिखर जवळ आलं की छातीत कुणीतरी पायऱ्या चढतंय असं व्हायचं, आणि मग तळवा तारेवर. जे कानातून आत गेलं, ते बाहेर काढायला वाटच नव्हती. आणि बिनकॉफीचा फ्लोरिओससुद्धा त्या जागी अडखळत होता. थांबत नव्हता, पण धापा टाकत पुढे पळत होता, पोलीस मागे लागल्यासारखा. तीही रडवेली, तोही तांबड्या डोळ्यांचा, आरशांवर टॉवेल, आणि शिकवण्यासाठी व्हायोलिन संथ लयीत. नेमक्या त्या वेळी दारातून खाटकाची आई डोकावली.

आरसे झाकलेलं घर पेत्राडोसमध्ये एकाच कारणानं दिसतं.

म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करत मागच्या पावली गेली. अर्ध्या तासात बायका यायला लागल्या. काळे रुमाल, हातात कोरडी बिस्किटं, ब्रँडीची बाटली, दुःखाच्या घरी न्यायची कडू कॉफी थर्मासात भरून. एकीनं झांबेताला मिठी मारली आणि सोडेचना.

"सोस बाई सोस. देवाची मर्जी."

"कसली मर्जी?"

"बोलू नकोस. मन मोकळं कर."

बाहेर पायऱ्यांवर चर्चा रंगली होती. रिनिओ जिवंत आहे, आत्ताच शेंगा धुताना दिसली. फ्लोरिओस तर वाजवतोय. मग रडतंय कोण कुणासाठी? गावाबाहेर आहे एकच माणूस, आणि ऑपरेशन त्याचं झालंय. निकिफोरोस! हाय रे दैवा, गुडघ्यानं माणूस गेला! कुणीतरी घंटा वाजवायला निघालं, कुणीतरी अथेन्सला निकिफोरोसच्या लेकीला सांत्वनाचा फोन लावला, आणि फोन उचलला खुद्द निकिफोरोसनं.

तो फोन मग पार्लरमध्ये आणला गेला. त्यातून येणारा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी मेलो म्हणे?"

"अफवा आहे रे," फ्लोरिओस ओरडला.

"ती कळली मला. पण मी मेलो तर माझ्या जागी वाजवतंय कोण?"

बायका झांबेताकडे बघायला लागल्या. तिच्या छातीशी लाऊतो होतं. ते लपवायला जागा उरली नव्हती.

"झांबेता वाजवतेय," फ्लोरिओस म्हणाला. "अजून ठरलेलं नाही!"

"केसवाली झांबेता?" फोनमधून खदखदून हसू आलं. "मग मी जिवंत राहतो. बघायला यायचंय मला."

शोकसभा आली तशी बसूनच राहिली. बिस्किटं संपली, ब्रँडी संपली. फक्त कडू कॉफी उरली, आणि ती सगळ्या बायकांच्या हातात वाफाळत असताना मधोमध बसलेला फ्लोरिओस छताकडे बघत राहिला. बायकांना वाटलं, दुःख.

पंधरा तारखेला उन्हं कलली तशी चौकात टेबलं लागली. मोठ्या पातेल्यात बकरा नि बटाटे, कागदावर चीजचे तुकडे, काचेच्या जगांत लाल वाईन, आणि वारा असा की टेबलावरचे कागद धरायला प्रत्येक कोपऱ्यावर एक पोर बसवलेलं. चिनाराच्या झाडाखाली फळ्यांचा मंच. मंचावर दोन खुर्च्या. कागदवाला पोरगा आला नव्हता. वाऱ्यामुळे बंदरावरून त्याची गाडीच निघाली नाही असं सरपंच म्हणाले. खरं म्हणजे फ्लोरिओसनं सकाळी सरपंचांना निरोप दिला होता की नका पाठवू. झांबेताला हे रिनिओनं केस सेट करताना सांगितलं, आणि झांबेतानं पिन तिच्या टाळूत खुपसली.

"थांबलीस तर?" मंचावर चढताना फ्लोरिओसनं विचारलं.

"दरीत ढकला."

तिनं काळा झगा घातला होता, आणि सगळ्या गावातल्या बायकांचे केस तिनंच त्या दिवशी रचले असल्यानं समोरचं प्रत्येक डोकं तिच्या ओळखीचं होतं. तिला वाटलं, आपण आपल्याच कामासमोर वाजवतोय. जोडीनं नाचायचा पहिला बालो गेला. दुसरा गेला. लोक जेवता जेवता मान वळवू लागले. कुणीतरी ओरडलं, "ए झांबेता, पुढच्या वेळी केस कापताना वाजव गं!" कुणीतरी म्हणालं, "बोटं बघा, कात्रीपेक्षा बरी चालतात!" तिच्या अंगात वाईनपेक्षा हलकं काहीतरी चढत होतं.

मग सिर्तोची मागणी आली. रांगेच्या डोक्याशी खाटीक याकुमिस, गावातला सर्वांत जाड माणूस आणि सर्वांत हलका नाचणारा. पहिली फेरी. दुसरी. झांबेतानं दात आवळले. पुढे जायचं, पुढे, पुढे. आणि त्याच वेळी सरपंच कौतुकानं मंचापाशी आले आणि त्यांनी राकी दारूचा छोटा ग्लास मानाचा म्हणून फ्लोरिओसच्या उजव्या अंगाला, लाकडी पेटीवर ठेवला.

रिनिओनं खालून पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं. पण उशीर झाला होता.

तिसरी फेरी. चढाव. शिखर. गज टोकापर्यंत गेला, हात लांब झाला.

झांबेताला ग्लास दिसत नव्हता, ती डावीकडे होती. तिनं डोळे मिटले होते. तिला ऐकू आलं ते फक्त म्हाताऱ्याच्या श्वासाचं वळण, भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारं. तळवा तारेवर पडला.

दोन्ही वाद्यं एका क्षणात थांबली. असा दुसरा एकही लाऊतोवाला जगात नव्हता ज्याला त्या जागी थांबणं जमलं असतं.

चौकात सगळी रांग एक पाय हवेत धरून उभी. वारा झाडात. कुणाचा तरी चमचा ताटात पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. याकुमिसनं त्या रिकाम्या जागेत, का कुणास ठाऊक, उडी मारली. ते सगळं वजन वर गेलं, वर राहिलं, आणि टाच जमिनीला टेकली त्याच ठोक्याला गज नि नखी एकत्र तारेवर पडली.

चौक असा गरजला की गाढवं ओरडायला लागली. "पुन्हा!" लोक टेबलं बडवत होते. "पुन्हा! तो थांबा पुन्हा!" फ्लोरिओसच्या हातात रिकामा ग्लास होता आणि तो त्याच्याकडे असा बघत होता की हा इथे उगवला कसा. त्यानं मान वळवून झांबेताकडे पाहिलं. ती घामानं निथळत, कानापर्यंत हसत होती.

"तू थांबलीस," तो म्हणाला.

"तुम्हीपण."

त्या संध्याकाळी सिर्तो किती वेळा झाला ते कुणी मोजलं नाही. दर वेळी रांग पाय वर घेऊन थांबायची आणि दर वेळी याकुमिस अजून थोडा उंच जायचा. शेवटी त्याचं जाकीट शिवणीत फाटलं, तेही लोकांनी नाचातच धरलं.

मग पुढच्या शनिवारी भर दुपारी, पार्लरमध्ये रिनिओ केसांत रोलर घालून बसली असताना, फ्लोरिओस आत आला. बाहेर शेजारच्या गावची पिकअप गाडी हॉर्न वाजवत उभी होती. तिथे संध्याकाळी लग्न होतं.

"चल," तो म्हणाला. "पण आधी शपथ घे."

"कसली?"

"थांबा नाही म्हणून. तिकडच्या लोकांनीही ऐकलंय म्हणे, 'तो थांब्याचा सिर्तो' मागतायत. मी वाजवणार नाही. ती माझ्या मामाची चाल आहे. माझं लाऊतो आहेस तू आता, तर माझ्या मागे येशील. कॉफीचा घोट मी पुढच्यांना देऊन जाणार नाही!"

त्यानं ते वाक्य असं सहज टाकलं की त्यालाही कळलं नाही. झांबेताचा कंगवा रिनिओच्या केसात तसाच राहिला. माझं लाऊतो आहेस तू.

"मामा काय प्यायचे वाजवताना?" तिनं विचारलं.

"काही नाही! मामा साधू माणूस!"

"सिगरेट ओढायचा," रिनिओ रोलरांखालून म्हणाली. "दुसऱ्या फेरीत तो लांब सूर आहे ना, एकाच गजात ओढलेला? तो काडी पेटवायला. डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवून ओठांतली सिगरेट कुणीतरी पुढे धरलेल्या काडीपर्यंत न्यायचा."

"कोण म्हणालं तुला?"

"मामी म्हणाली. लग्न झालं त्याच वर्षी. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही त्या सुराला डोळे मिटता म्हणून."

फ्लोरिओस खुर्चीच्या हातावर बसला. तो लांब सूर त्यानं जन्मभर जिवापलीकडे जपला होता. लहान मुलांना तो सांगायचा की हा सूर म्हणजे समुद्रावरून घरी येणारी वाट. तो आरशात स्वतःकडे बघत राहिला.

"काडी?" तो म्हणाला.

"काडी."

बाहेर हॉर्न वाजला. झांबेतानं एप्रन काढलं, रिनिओच्या हातात कंगवा दिला, कोपऱ्यातून लाऊतो उचललं.

"ते काडीचं राहू दे," फ्लोरिओस उठत म्हणाला, "पण घोट वेगळा! घोट माझा आहे, तो मी काढणार! झांबेता, इकडे बघ. थांबणार आहेस की नाही? मी आधी विचारतोय, मंचावर नाही विचारणार. झांबेता! थांबणार की नाही?"

झांबेतानं लाऊतो खांद्यावर टाकलं आणि ती दारातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली, आणि पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.